धूर, कर्करोग आणि औषध

घरांतील कर्त्या पुरुषास घशाचा कर्करोग झाल्याचें निदान होतें. "विडी आजपासून बंद," असें डॉक्टर बजावून सांगतात. घरीं परतल्यावर मात्र एखादें वडीलधारें माणूस हळूच म्हणतें, "व्हायचें तें होऊन गेलें. आतां त्या बिचाऱ्याची एवढी एक हौस कशाला मोडायची?" या बोलण्यांत माया आहे, यांत शंका नाहीं, आणि वरवर पाहतां त्यांत तर्कही आहे. धुरानें रोग जडला असेल तर धुराचें काम संपलें. चोर चोरी करून गेल्यावर दाराला कडी घालण्यांत काय हंशील? परंतु गेल्या अडीचशें वर्षांच्या संशोधनानें जें दाखवून दिलें आहे, तें या समजुतीच्या अगदीं उलट आहे. हा चोर चोरी करून निघून जात नाहीं. तो घरांतच मुक्काम ठोकतो. प्रथम तो रोगाचें बीज पेरतो, नंतर त्या बीजास खतपाणी घालतो, आणि पुढें रोगावर उपचार सुरू झाले म्हणजे त्या उपचारांचीही वाट अडवून बसतो. धुराच्या या तीन करण्यांचा उलगडा शास्त्रज्ञांनीं क्रमाक्रमानें कसा केला, हें समजून घेतलें म्हणजे वर सांगितलेल्या मायेच्या बोलण्यांत चूक कोठें आहे, तें आपोआप ध्यानांत येईल.

या कथेचा आरंभ लंडन शहरांतील धुराड्यांत होतो. अठराव्या शतकांत तेथें घरोघर दगडी कोळसा जळत असे, आणि धुराड्यांत सांचणारी काजळी वेळोवेळीं खरवडून काढावी लागे. धुराडीं अरुंद, त्यांत मोठा माणूस शिरणें शक्य नसे. म्हणून गरिबांचीं लहान लहान मुलें या कामास लावीत. हीं मुलें पुष्कळदां उघड्या अंगानें आंत चढत, आणि स्नानाची चैन त्यांच्या वांट्याला क्वचितच येई. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं १७७५ सालीं असें लिहून ठेवलें कीं, या मुलांस मोठेपणीं अंडकोशाच्या त्वचेवर जो दुर्धर व्रण होतो तो कर्करोग असून, त्वचेच्या वळ्यांत सांचून राहिलेली काजळी हें त्याचें कारण आहे. विशिष्ट धंद्यांतील विशिष्ट पदार्थाकडे बोट दाखवून "कर्करोग यानें होतो" असें सांगण्याचा हा पहिला महत्त्वाचा प्रसंग होय. पुढें १८९२ सालीं हेन्री बटलिन या दुसऱ्या शस्त्रवैद्यांनीं युरोपांतील इतर देशांत चौकशी केली, तेव्हां तिकडील धुराडी साफ करणाऱ्यांस हा रोग फारच क्वचित होतो असें दिसून आलें. कारण अगदीं साधें होतें. ते अंगभर घट्ट कपडे घालीत आणि काम संपल्यावर अंग स्वच्छ धूत. काजळी तीच, धंदा तोच. परंतु अंगास लागून राहण्याचा तिचा अवधि कमी झाला, आणि तेवढ्यानेंच रोग हटला. संपर्क तोडण्याचें महत्त्व या जुन्या हकीकतींतच पुरतें भरलेलें आहे.

तथापि काजळीनें कर्करोग होतो हें प्रयोगानें दाखविण्यास पुढें जवळजवळ दीडशें वर्षें जावीं लागलीं. अनेकांनीं प्राण्यांवर प्रयोग करून पाहिले, पण कांहीं आठवडे वाट पाहून ते सोडून दिले. टोकियो येथील कात्सुसाबुरो यामागिवा आणि त्यांचे सहकारी कोइची इचिकावा यांनीं मात्र चिकाटी सोडली नाहीं. सशांच्या कानांना दगडी कोळशाचें डांबर कांहीं दिवसांच्या अंतरानें, महिनोन्‌महिने, ते चोळीत राहिले. अखेर त्या कानांवर कर्करोगाच्या गांठी उठल्या, आणि १९१५ सालीं त्यांनीं ही गोष्ट जाहीर केली. आतां पुढील प्रश्न असा उभा राहिला कीं, डांबरांत शेंकडों द्रव्यें असतात. त्यांतील अपराधी कोणतें? लंडन येथील अर्नेस्ट केनवे यांच्या प्रयोगशाळेंत जेम्स कुक व इतर सहकाऱ्यांनीं दोन टन डांबर घेऊन त्याचे भाग पाडीत, गाळीत, आटवीत, शेवटीं १९३३ सालीं थोडेसे पिवळे स्फटिक वेगळे काढले. हेंच तें बेन्झोपायरीन. लांकूड, कोळसा, तंबाखू, तेल, यांपैकीं कांहींही पुरतें न जळतां धुमसूं लागलें कीं हें द्रव्य तयार होतें. म्हणून तें धुराड्याच्या काजळींत आहे, मोटारीच्या धुरांत आहे, चुलीच्या धुरांत आहे आणि विडी-सिगारेटच्या धुरांतही आहे.

येथें एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे, कारण पुढें औषधांच्या प्रकरणीं तिचा पुन्हां संबंध येणार आहे. बेन्झोपायरीन हें मूळ रूपांत फारसें घातक नसतें. तें तेलकट असल्यामुळें पाण्यांत विरघळत नाहीं, आणि म्हणून शरीरास तें बाहेर टाकतां येत नाहीं. अशा उपऱ्या द्रव्यांची विल्हेवाट लावण्यासाठीं यकृतांत, फुप्फुसांत व इतरत्र 'सायटोक्रोम' नांवाच्या एन्झाइमांचा एक मोठा परिवार असतो. एन्झाइम म्हणजे शरीरांतील रासायनिक क्रिया झपाट्यानें घडवून आणणारें प्रथिन. हीं एन्झाइमें उपऱ्या द्रव्यास प्राणवायु जोडून त्याला विरघळण्याजोगें करूं पाहतात. शरीराचा हेतु चांगला. परंतु बेन्झोपायरीनच्या बाबतींत या खटपटींतून जें मधलें रूप निर्माण होतें, तेंच अतिशय चिकट व घातक ठरतें. पेशीच्या अंतर्भागीं डीएनए नांवाचा जो धागा असतो आणि ज्यावर पेशीचा सारा कारभार लिहिलेला असतो, त्या धाग्यासच तें जाऊन चिकटतें. पेशी दुभंगतांना त्या ठिकाणची नक्कल चुकते, आणि चूक कायमची होऊन बसते. १९९६ सालीं असें दाखविण्यांत आलें कीं, पेशींच्या बेबंद वाढीस आळा घालणारें 'पी ५३' नांवाचें जें जनुक आहे, त्याच्या ज्या जागा फुप्फुसाच्या कर्करोगांत वारंवार बिघडलेल्या आढळतात, नेमक्या त्याच जागीं हें द्रव्य चिकटतें. येणेंप्रमाणें धुराची पहिली करणी, म्हणजे बीज पेरण्याची, उघडकीस आली.

पण नुसतें बीज पेरल्यानें शेत उभें राहत नाहीं. याचा प्रत्यय १९४० च्या सुमारास आला, आणि त्यासाठीं जें द्रव्य उपयोगीं पडलें तें या देशांतील जुन्या वैद्यांच्या चांगल्याच ओळखीचें आहे. तें म्हणजे जमालगोट्याचें तेल. ऑक्सफर्ड येथें आयझॅक बेरेनब्लम आणि इतरत्र मॉट्रम यांनीं उंदरांच्या पाठीच्या त्वचेवर कर्करोगकारक द्रव्याची अगदीं अल्प, केवळ एकच मात्रा लावून पाहिली. तेवढ्यानें कांहींच झालें नाहीं. नुसतें जमालगोट्याचें तेल लावीत राहिलें तरी त्वचा लाल होऊन चुरचुरे, पण गांठी जवळजवळ उठत नसत. मात्र आधीं ती अल्प मात्रा व मागाहून जमालगोट्याचें तेल वारंवार लावलें, कीं गांठींचें पीक येई. मध्यें कित्येक आठवड्यांचा काळ लोटूं दिला तरी परिणाम तोच. उलट क्रमानें, म्हणजे आधीं तेल व मागाहून द्रव्य लावल्यास, कांहीं होत नसे. त्याच सुमारास न्यूयॉर्क येथें पेटन राउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांस असें आढळलें कीं, डांबर लावलेल्या सशाच्या कानास भोंक पाडलें तर त्या जखमेच्या कडेनें गांठी उठतात. राउस यांच्या गटानें या दोन पायऱ्यांस निरनिराळीं नांवें दिलीं. मराठींत त्यांस 'प्रारंभन' व 'प्रवर्धन' असें म्हणतां येईल.

या प्रयोगांचा अर्थ फार खोल आहे. पहिल्या पायरीनें पेशींत कायमची खूण होते. परंतु ती पेशी वर्षानुवर्षें निजून राहूं शकते. तिला जागें करणारें दुसरेंच कांहीं असतें, आणि तें स्वतः डीएनएला हात लावीत नाहीं. तें केवळ दाह उत्पन्न करतें, जखम करतें, आणि त्या जखमेच्या दुरुस्तीसाठीं पेशींना वाढण्याचा हुकूम सुटतो. शहाण्या पेशी गरजेपुरत्या वाढून थांबतात. खूण झालेल्या पेशी मात्र थांबत नाहींत. प्रारंभन पुसून टाकतां येत नाहीं. प्रवर्धन मात्र एकसारखें चालू राहावें लागतें, आणि सुरुवातीच्या काळांत तें थांबविलें तर प्रयोगांतील कित्येक लहान गांठी विरूनही जातात. मनुष्याच्या दृष्टीनें आशेची जागा आहे ती येथें.

ही उंदरांच्या पाठीवरील विद्या माणसाच्या फुप्फुसास लागू पडते काय, हा प्रश्न पुढें बरींच वर्षें अनिर्णित होता. विशेषतः एक कोडें डॉक्टरांस नेहमीं पडे. ज्यांनीं जन्मांत विडी-सिगारेट ओढली नाहीं, अशा माणसांस, आणि त्यांतही पुष्कळ स्त्रियांस, फुप्फुसाचा कर्करोग कसा होतो? भारतांतील रुग्णांतही अशांचा वांटा लहान नाहीं. शहरांतील मलिन हवा कर्करोगास कारण होते, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्थेनें २०१३ सालीं दिला होता. परंतु अशा रुग्णांच्या गांठींत तंबाखूच्या धुरानें होणाऱ्या डीएनएमधील खुणा फारशा आढळत नसत. मग ही हवा करते तरी काय?

लंडन येथील फ्रान्सिस क्रिक संस्थेंतील चार्ल्स स्वँटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं २०२३ सालीं या कोड्याचें जें उत्तर प्रसिद्ध केलें, तें वाचतांना जमालगोट्याच्या प्रयोगांची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. त्यांनीं अडीच मायक्रॉनहून बारीक अशा धूलिकणांकडे लक्ष दिलें. माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारें तिसावा हिस्सा एवढा हा कण असतो. म्हणून तो नाकांतील केसांस व घशांतील चिकट स्रावास चुकवून थेट फुप्फुसाच्या तळाशीं जातो. इंग्लंड, दक्षिण कोरिया, तैवान व कॅनडा येथील, 'ईजीएफआर' नांवाच्या जनुकांतील बिघाडानें झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३२,९५७ प्रकरणांची माहिती त्यांनीं तपासली, तेव्हां जेथें हवेंतील हे कण अधिक तेथें हा रोगही अधिक, असा संबंध दिसून आला. त्याहून विस्मयकारक गोष्ट पुढेंच आहे. कर्करोगाचें चिन्ह नसलेल्या फुप्फुसांच्या ऊतींचे २९५ माणसांचे नमुने अतिशय बारकाईनें पाहिले असतां, शेंकडा १८ नमुन्यांत ईजीएफआर जनुकाचा आणि शेंकडा ५३ नमुन्यांत 'केरास' या दुसऱ्या जनुकाचा कर्करोगजनक बिघाड थोड्या पेशींत आधींच झालेला आढळला. म्हणजे बीजें पेरलेलीं असतात. वय वाढतें तशीं तीं पेशींच्या नित्याच्या उलाढालींतूनही पडत राहतात. तीं बहुतेक जन्मभर निजून राहतात.

त्यांना जागें कोण करतें? उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, हे धूलिकण फुप्फुसांत शिरले म्हणजे परकीय वस्तु गिळून टाकणाऱ्या भक्षक पेशी तेथें गोळा होतात आणि 'इंटरल्यूकिन-१-बीटा' नांवाचा दाहाचा संदेश सोडतात. त्या संदेशानें बिघाड असलेल्या पेशींना जणूं बालपण पुन्हां प्राप्त होतें, व त्या वाढूं लागतात. हा संदेश रोखून धरणारें प्रतिद्रव्य त्याच वेळीं दिलें तर गांठी होणें टळतें. या संदेशास रोखणारें एक औषध हृदयरोग्यांवर आजमावलें जात असतां, तें घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळला, असें २०१७ सालींच दिसून आलें होतें. तेंच औषध रोग पूर्ण वाढल्यावर दिलें तेव्हां मात्र अपेक्षित गुण आला नाहीं. ठिणगी विझविण्याची वेळ निराळी, वणवा विझविण्याची निराळी.

धुराची ही दुसरी करणी थांबविल्यास काय होतें, याचें एक उदाहरण चीनमधील युनान प्रांतांतील झुआनवे परगण्यांत घडलें आहे. तेथील शेतकरी घरांतल्या उघड्या अग्निकुंडांत अतिशय धुरकट असा दगडी कोळसा जाळीत. स्त्रिया क्वचितच धूम्रपान करीत. तरी त्यांच्यांतील फुप्फुसाच्या कर्करोगाचें प्रमाण साऱ्या जगांत अत्यंत वरचें होतें. पुढें घरोघर धुराडें असलेल्या शेगड्या बसविण्यांत आल्या. एकवीस हजारांहून अधिक शेतकऱ्यांची १९७६ पासून १९९२ पर्यंतची माहिती तपासून २००२ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो असा कीं, ज्यांनीं शेगडी बदलली त्यांच्यांत हा रोग पुरुषांत शेंकडा सुमारें ४१ नें व स्त्रियांत शेंकडा सुमारें ४६ नें कमी झाला. हा लाभ लगेच दिसला नाहीं; त्यास सुमारें दहा वर्षें लागलीं. लंडनमध्यें ज्या धुराड्यानें मुलांचा घात केला, त्याच धुराड्यानें झुआनवेंत बायकांचे प्राण वांचविले. एके ठिकाणीं काजळी अंगास चिकटून राहिली, दुसऱ्या ठिकाणीं ती घराबाहेर गेली, एवढाच काय तो फरक.

आतां तिसरी करणी. ती सर्वांत कमी माहीत असलेली, आणि ज्यांच्या घरीं रोग येऊन ठेपला आहे त्यांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची आहे. कर्करोगावर किरणोपचार करतात, तेव्हां त्या किरणांस प्राणवायूची मदत लागते. किरणांनीं डीएनएवर केलेली जखम प्राणवायूच्या योगानें पक्की होते. प्राणवायु नसेल तर पेशी ती जखम भरून काढते. लुइस हॅरल्ड ग्रे यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५३ सालीं या गोष्टीचें महत्त्व दाखवून दिलें. प्राणवायूस मुकलेल्या पेशीस मारण्यास अडीच ते तीन पट किरण लागतात. विडी-सिगारेटच्या धुरांत कार्बन मोनॉक्साइड वायु असतो, आणि रक्तांतील हिमोग्लोबिनशीं तो प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्टपणें जखडला जातो. त्यामुळें रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्ति खालावते, आणि गांठींतील आधींच गुदमरलेल्या पेशी आणखी गुदमरून किरणांस दाद देईनाशा होतात. कॅनडांतील डॉक्टरांनीं डोकें व मान या भागांतील कर्करोगाच्या ११५ रुग्णांची हकीकत १९९३ सालीं प्रसिद्ध केली. किरणोपचार चालू असतां ज्यांनीं धूम्रपान चालूच ठेवलें, त्यांपैकीं शेंकडा ४५ जणांची गांठ पूर्ण नाहींशी झाली. ज्यांनीं तें वर्ज्य केलें त्यांपैकीं शेंकडा ७४ जणांची. दोन वर्षांनंतर पहिल्या वर्गांतील शेंकडा ३९ हयात होते, दुसऱ्या वर्गांतील शेंकडा ६६. यंत्र तेंच आणि किरणही तेच. परंतु फळ इतकें निराळें. या फरकास प्राणवायूखेरीज इतरही कारणें हातभार लावीत असतील. तरी रुग्णानें घ्यावयाचा बोध तोच राहतो.

औषधांची गोष्ट याहूनही मनोरंजक आहे, कारण येथें मागें सांगितलेलीं तीं एन्झाइमें पुन्हां रंगभूमीवर येतात. धुरांतील बेन्झोपायरीनसारखीं द्रव्यें शरीरांत वारंवार येऊं लागलीं म्हणजे पेशींतील एक पहारेकरी प्रथिन त्यांना ओळखतें आणि सायटोक्रोम परिवारांतील कांहीं एन्झाइमांचें उत्पादन कितीतरी वाढवितें. कचरा फार येऊं लागला म्हणून झाडूवाले वाढवावेत, तसाच हा प्रकार. पण या झाडूवाल्यांना कचरा कोणता व औषध कोणतें हें कळत नाहीं. ईजीएफआर जनुकाच्या बिघाडावर चालणारें एर्लोटिनिब नांवाचें औषध आहे. तें गोळीच्या रूपानें पोटांत घेतात. २००६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत निरोगी माणसांस या औषधाची १५० मिलिग्रॅमची एकेक मात्रा देऊन रक्त तपासलें. धूम्रपान न करणाऱ्यांच्या तुलनेनें धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तास जें औषध एकंदरींत मिळालें, तें सुमारें एक-तृतीयांशच भरलें. बाकीचें झाडूवाल्यांनीं झाडून टाकलें होतें. ज्या एन्झाइमांनीं बेन्झोपायरीनला विष बनवून रोगाचें बीज पेरण्यास हातभार लावला, त्याच परिवारानें येथें औषध निकामी केलें.

आंतड्याच्या कर्करोगावर देतात त्या इरिनोटेकॅन या औषधाचीही कथा अशीच आहे. तपशील निराळा असला तरी परिणाम सारखा. नेदरलँड्‌समध्यें १९० रुग्ण तपासून २००७ सालीं असें दिसून आलें कीं, धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तांत या औषधाचें कार्यकारी रूप इतरांपेक्षां शेंकडा सुमारें ४० नें कमी असतें. अशा रुग्णांत या औषधानें रक्तांतील पांढऱ्या पेशींवर होणारा दुष्परिणामही कमी दिसला. वरवर पाहणाऱ्यास वाटावें, "विडी ओढणाऱ्याला औषध चांगलें सोसतें." खरी गोष्ट अशी कीं, त्याला तें पुरतें पोंचतच नाहीं. कोणी म्हणेल, मग मात्रा वाढवावी. एर्लोटिनिबच्या बाबतींत धूम्रपान करणाऱ्या रुग्णांस दुप्पट मात्रा देऊन पाहिली. त्यानें आयुष्य वाढलें नाहीं. छिद्र पडलेली घागर भरण्यासाठीं अधिक पाणी ओतण्यापेक्षां छिद्र बुजविणें बरें. सर्वच औषधें अशीं धुरानें झिजतात असें मात्र नाहीं. प्रत्येक औषधाचा शरीरांतील मार्ग निराळा असतो, आणि तो डॉक्टरांनींच पाहावयाचा असतो.

धुराखेरीज इतर द्रव्येंही उपचारांच्या आड येतात काय, याचा शोध चालू आहे. कांहीं कठीण प्लास्टिकांत व डब्यांच्या आंतील लेपांत वापरण्यांत येणारें 'बिस्फेनॉल-ए' हें द्रव्य स्त्रीसंप्रेरकाची नक्कल करतें. प्रयोगशाळेंतील काचपात्रांत वाढविलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींस तें अल्प प्रमाणांत दिलें असतां डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन इत्यादि औषधांपासून त्या पेशींचा बचाव होतो, असें अमेरिकेंतील संशोधकांनीं २००९ सालीं दाखविलें. परंतु काचपात्र म्हणजे मनुष्य नव्हे. तंबाखूच्या धुराविषयींचा पुरावा प्रत्यक्ष रुग्णांचा आहे. प्लास्टिकांतील या द्रव्याविषयींचा तो दर्जा नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच सुरांत सांगितल्या तर घाबरलेलें माणूस घरांतील डबे फेकून देतें आणि विडी मात्र तशीच चालू ठेवतें. भयासही तारतम्य हवें.

आतां आरंभींच्या त्या बोलण्याकडे वळावें. "व्हायचें तें होऊन गेलें," या म्हणण्याची परीक्षा मॉस्को येथें प्रत्यक्ष झाली आहे. फुप्फुसाचा कर्करोग लवकरच्या अवस्थेंत सांपडलेले ५१७ रुग्ण संशोधकांनीं निवडले. निदानाच्या वेळीं हे सर्वच धूम्रपान करणारे होते. त्यांपैकीं २२० जणांनीं निदानानंतर तें सोडलें, बाकीच्यांनीं चालू ठेवलें. कित्येक वर्षें त्यांचा मागोवा घेऊन २०२१ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, तो आंकड्यांतच सांगणें बरें. धूम्रपान चालू ठेवणाऱ्यांतील निम्मे रुग्ण ४.८ वर्षांपर्यंत जगले. सोडणाऱ्यांतील निम्मे ६.६ वर्षांपर्यंत. हा फरक पावणेदोन वर्षांहून किंचित अधिक भरतो. रुग्ण पूर्वीं थोडी ओढणारा असो कीं पुष्कळ, लाभ दोघांसही झाला. पावणेदोन वर्षांत घरांतील मूल चालायला लागतें, मुलीचें शिक्षण पुरें होतें, एखादें कर्ज फिटतें. नुसत्या सोडण्यानें, एक पैसाही खर्च न करतां, एवढा काळ हातीं लागत असेल तर त्यास हौस मोडणें म्हणावें काय?

महाराष्ट्रांतील घरांत या धुराचीं रूपें अनेक आहेत. विडी व सिगारेट उघड दिसतात. चुलीचा धूर स्वयंपाकघरांत कोंडलेला असतो, आणि तो रुग्णाच्या खोलींतही शिरतो. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, म्हणजे मशेरी, कित्येक स्त्रिया दांतांस लावतात. तिला कोणी व्यसन म्हणत नाहींत, म्हणून डॉक्टरांच्या प्रश्नाच्या उत्तरांतही ती येत नाहीं. मुंबईस परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय उघडलें, तेव्हांपासून तोंडाच्या कर्करोगाचे रुग्ण तेथें एकसारखे येत आहेत, आणि तंबाखू हें त्यामागील मोठें कारण म्हणून तेथील डॉक्टरांनीं पुनःपुन्हां दाखविलें आहे.

म्हणून अशा घरांत दोन गोष्टी कटाक्षानें पाळाव्यात. पहिली अशी कीं, डॉक्टरांपासून तंबाखू कधींही लपवूं नये. रुग्णास लाज वाटते, घरच्यांस भीति वाटते, आणि खोटें उत्तर दिलें जातें. पण वर पाहिल्याप्रमाणें औषधाचा हिशेब त्या उत्तरावर अवलंबून असतो. धूम्रपान सोडलें तरी तेंही सांगावें, कारण वाढलेलीं एन्झाइमें हळूहळू पूर्वस्थितीवर येतात, रक्तांतील कांहीं औषधांचें प्रमाण चढतें, आणि मात्रा पुन्हां बेतावी लागते. दुसरी गोष्ट अशी कीं, सोडण्याचें काम एकट्या रुग्णावर टाकूं नये. ज्या घरांत मुलगा ओसरीवर बसून सिगारेट ओढतो, त्या घरांत बापानें विडी सोडावी ही अपेक्षा व्यर्थ आहे. सोडण्यास मदत करणारीं औषधें व सल्ला देणारे लोक आतां उपलब्ध आहेत. त्यांची मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. आणि हेंही उघड आहे कीं, धूर बंद करणें हा उपचारांस पर्याय नव्हे. तो उपचारांचा सोबती आहे.

पेरलेलें बीज परत वेंचून काढणें माणसाच्या हातीं नसतें. त्याबद्दल रुग्णास बोल लावण्यांतही अर्थ नाहीं. खतपाणी तोडणें मात्र हातीं असतें, आणि औषधाची वाट मोकळी करणेंही हातीं असतें. तेव्हां ज्या वडीलधाऱ्या माणसाच्या पोटांत माया दाटून येते, त्यानें रुग्णाच्या हातीं विडी देण्याऐवजीं त्याच्याजवळ बसावें, तलफेची वेळ टळेपर्यंत त्याच्याशीं चार गोष्टी बोलाव्यात. मायेचा उपयोग तेथें खरोखर होतो.